पाईपचा लायटर निवडताना बाउलच्या बुडाशी उरलेल्या तंबाखूचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवा ब्रायरचा पाईप घेतला, मित्राने सिगारसाठी असतो तसला तीन तोट्यांचा जेट लायटर भेट दिला आणि काही दिवसांतच पाईपचा काठ काळा पडला. आता 'पाईपचा म्हणून मिळणारा' लायटर घ्यायचा आहे. तो जपानी ओल्ड बॉय घ्यावा, झिप्पो घ्यावा, की काडेपेटीच बरी? आणि लायटरवर एवढे हजार घालण्यात अर्थ आहे का?

आधी काठाचं बघू. ओलसर फडक्याने चोळल्यावर काळं निघून आलं तर ती नुसती काजळी आणि डांबर आहे. जुनी पाईपवाली मंडळी यासाठी फडक्याला चक्क थुंकी लावतात. ऐकायला कसंसंच वाटतं, पण नुसत्या पाण्यापेक्षा ती जास्त काम करते. पुसूनही काठ बोटाला खडबडीत लागत असेल, आतली कड खाल्ल्यासारखी दिसत असेल, तर मात्र लाकूड जळलंय. बारीक पॉलिश पेपरने ते थोडं सारखं करता येईल, पण गेलेलं लाकूड परत येत नाही. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राभोवती वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती उष्णता चांगली सोसते म्हणून तिचे पाईप करतात. पण आतल्या तंबाखूची धग सोसणं वेगळं आणि वरून सोडलेल्या जेटचा मारा सोसणं वेगळं.

जेटमध्ये गॅस तोटीतून बाहेर पडण्याआधीच हवेत मिसळतो. त्यामुळे ज्योत निळी, बारीक आणि टोकदार होते, आणि ती जोराने सरळ सुटते. सिगारला हे चालतं, कारण सिगारचं टोक उघडं असतं आणि जळणार आहे ते फक्त पान. पाईपमध्ये तंबाखूच्या भोवती लाकडाची भिंत आहे आणि जेट काही ती टाळून वळत नाही. तुम्ही ओढा, न ओढा, तोटी जिकडे रोखली तिकडेच तो जाळणार. शिवाय पिवळ्या ज्योतीचा काठ डोळ्यांना दिसतो. जेटचा निळा काठ दिवसा उन्हात दिसतच नाही, त्यामुळे लाकडाला कधी लागला ते कळत नाही. तंबाखूचंही भलं होत नाही. वरचा थर एकदम करपतो, धूर गरम येतो आणि जीभ पोळते. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण नवीन लोकांच्या मनात गैरसमज असतो. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणजे तो निरुपद्रवी, असं अजिबात नाही. तोंडाच्या, घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कॅन्सरचा धोका पाईपनेही वाढतो. लायटर कितीही चांगला घेतलात तरी त्यात फरक पडत नाही.

आता मुख्य मुद्दा. लायटर बघायला गेलं की माणूस पूर्ण भरलेला पाईप कसा पेटेल याचाच विचार करतो. पण भरलेला बाउल, म्हणजे पाईपचा तंबाखू भरायचा खळगा, पेटवायला काहीही चालतं. तंबाखू काठाच्या बरोबरीला असते, ज्योत समोर दिसत असते. खरी परीक्षा अर्धा पाईप संपल्यावर सुरू होते. साधारण बाउलचं भोक दोन सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि साडेतीन-चार सेंटिमीटर खोल असतं. अर्ध्यावर पाईप विझला की तंबाखू दोन सेंटिमीटर खाली गेलेली असते, वर राख असते, आणि ज्योतीला त्या विहिरीत उतरवायचं असतं. ज्योतीचा स्वभाव वर जाण्याचा. ती खाली नेणारी गोष्ट एकच, तुमचा झुरका. म्हणजे ज्योत अशी हवी की हलक्या ओढीने ती वाकेल आणि काठाला न चाटता मधून खाली जाईल. पाईप काही एकदा पेटवून शेवटपर्यंत चालत नाही. भल्याभल्यांना मधे तीन-चार वेळा तरी पेटवावा लागतो, नवख्याला त्याहून जास्त. लायटरची निवड या मधल्या पेटवण्यांसाठी करायची असते.

एवढं ध्यानात घेतलं की दुकानात काय बघायचं ते आपोआप ठरतं. ज्योत मऊ आणि पिवळी हवी. ती लायटरच्या तोंडातून तिरपी किंवा आडवी निघायला हवी, म्हणजे लायटर उलटा धरावा लागणार नाही आणि अंगठा भाजणार नाही. आठ-दहा सेकंद सलग जळली तरी वरचा पत्रा हाताला चटका देणार नाही इतका तो जाड हवा. आणि सगळं एका हाताने जमायला हवं, कारण दुसऱ्या हातात पाईप असतो. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर १९०७ साली पाईप-तंबाखूचं दुकान काढणाऱ्या आल्फ्रेड डनहिलच्या कंपनीने १९२०च्या दशकात 'युनिक' नावाचा पेट्रोलचा लायटर काढला. त्याचं सगळं कौतुक एका हाताने पेटतो याचंच होतं. आज आपल्याला त्यात काही वाटत नाही, पण पाईपवाल्याची गरज तेव्हाही हीच होती.

तुम्ही विचारलेला ओल्ड बॉय याच घराण्यातला. जपानच्या कोरोना कंपनीचा हा लायटर गॅसवर चालतो, खड्याच्या ठिणगीने पेटतो, ज्योत तिरपी टाकतो, आणि त्याच्या अंगातच तंबाखू दाबायचा टॅम्पर बसवलेला असतो, जो ओढून बाहेर काढता येतो. घडण पितळेची, हातात वजनदार लागतो. कोरोनाचाच पाईपमास्टर, तसंच त्सुबोता पर्ल आणि किरीबी या जपानी कंपन्यांचे पाईप लायटरही याच पठडीतले, बरेचसे ओल्ड बॉयपेक्षा स्वस्त. माझं मत विचाराल तर ज्योतीच्या बाबतीत या सगळ्यांत तुम्हाला जाणवेल असा फरक नाही. पैसे पडतात ते घडणीचे आणि दुरुस्त होण्याचे. ओल्ड बॉय बाहेर शंभर डॉलरच्या वर जातो, इकडे येईपर्यंत त्यावर कस्टमचा खर्च चढतो. वीस वर्षं वापरायचा आहे, हरवण्याची सवय नाही, अशा माणसाने तो जरूर घ्यावा. छत्री महिनाभर टिकत नाही अशा माणसाने घेऊ नये.

घेताना एक निवड मात्र काळजीपूर्वक करा: खड्याचा की पिझोचा. पिझोमध्ये बटण दाबलं की आत स्फटिकावर हातोडीसारखा ठोका बसतो, विजेची ठिणगी पडते. खडा बदलायची कटकट नाही, म्हणून लोकांना तो आवडतो. पण ती ठिणगी एका ठरावीक जागी, एकच पडते. गॅस आणि हवेचं प्रमाण तिथे नेमकं जमलं नाही तर पेटत नाही. डोंगरावर उंच गेलं की हवा विरळ होते आणि पिझो लायटर रुसतात. लडाखला गेलेल्या कुणालाही विचारा. खड्याच्या लायटरमधून ठिणग्यांचा फवारा उडतो, एखादी तरी कामी येते. शिवाय पिझो बिघडला तर इथे तो सहसा कुणी दुरुस्त करत नाही. खडा संपला तर पानाच्या टपरीवरही मिळण्याची शक्यता असते.

या खड्याची एक गंमत आहे. आपल्याकडे खेडोपाडी जुनी माणसं चंचीत तंबाखू-चुन्यासोबत चकमक ठेवायची: गारगोटीचा तुकडा, पोलादाची पट्टी आणि सावरीचा कापूस. त्यात गारगोटी कठीण असते, ती पोलादाचा कण खरवडते आणि तो पोलादाचा कण पेटतो. लायटरमध्ये बरोबर उलटं होतं. चाक पोलादाचं आणि 'खडा' मऊ. चाक खड्याला खरवडतं आणि खड्याचेच कण पेटतात. हा खडा दगड नसतोच. सिरियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंचा लोखंडाशी केलेला तो मिश्रधातू आहे, आणि ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं. वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या गॅसबत्तीतली ती पांढरी जाळी, मँटल, तीही याच माणसाची. मँटलसाठी थोरियम काढून घेतल्यावर जो धातूंचा चोथा उरायचा त्याचं काय करायचं, यातून लायटरचा खडा आला. म्हणून खडा झिजणारच. वर्षाकाठी काही बदलावे लागतील, पाकीट घेऊन ठेवा. आणि खडा पार संपेपर्यंत थांबू नका. शेवटचा तुकडा आडवा होऊन नळीत अडकला की सुईने उकरत बसावं लागतं.

झिप्पोबद्दल लोकांची मतं टोकाची असतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी जॉर्ज ब्लेसडेलने १९३२ साली कंपनी काढली, १९३३ मध्ये पहिला लायटर १ डॉलर ९५ सेंटला विकला, आणि 'चालला नाही तर फुकट दुरुस्त करून देऊ' हे वचन कंपनी आजही पाळते. वाऱ्यात झिप्पोला तोड नाही. पाईपसाठी त्याचं वेगळं इन्सर्ट, म्हणजे आत बसणारा भाग, मिळतं. त्याच्या धुराड्याला, म्हणजे ज्योतीभोवतीच्या पत्र्याच्या कवचाला, बारीक छिद्रांऐवजी मोठं गोल भोक असतं. लायटर आडवा करून ते भोक बाउलवर धरायचं आणि ओढायचं, की ज्योत भोकातून खाली उतरते. कल्पना फार चांगली आहे. अडचण इंधनाची. त्यातलं लायटरचं पेट्रोल (गाडीतलं नव्हे) जळताना वास येतो आणि पहिल्या दोन-तीन झुरक्यांत तो जिभेवर लागतो. पेटवल्यावर दोन-तीन सेकंद थांबून मग बाउलजवळ नेला तर बराच कमी होतो. लॅटाकियासारखी धुरकट तंबाखू ओढणाऱ्याला तो जाणवणारही नाही. साध्या व्हर्जिनिया तंबाखूत मात्र जाणवतो. शिवाय वापरा न वापरा, आठवड्याभरात पेट्रोल उडून जातं. रविवारीच पाईप ओढणाऱ्या माणसाला दर रविवारी झिप्पो कोरडा सापडतो. त्यामुळे झिप्पो मी समुद्रकिनारी, गच्चीवर, ट्रेकवर वापरणाऱ्यालाच सुचवतो.

काडेपेटीला नाकं मुरडू नका. काडीची ज्योत मऊ असते, कशीही वाकते, आणि लाकडाच्या आगीला वास जवळजवळ नसतो. फक्त गुल पूर्ण जळू द्यायचा. त्यातल्या गंधकाचा वास पहिल्या झुरक्यात गेला तर तंबाखूची चव बिघडते. आपल्याकडच्या काड्यांची तक्रार एवढीच की त्या आखूड आणि बारीक. बुडाशी पोचेपर्यंत बोटाला लागतात. मेणाच्या काड्या तर पाईपला नकोतच, मेणाचा वास येतो. पावसाळ्यात कोकणात काडीही सादळते आणि पेटीची घासपट्टीही. अंबरनाथला विमकोचा कारखाना होता, त्यांची जहाज छाप पेटी जुन्या लोकांना आठवत असेल. आता बहुतेक माल शिवकाशी आणि आसपासच्या भागातून येतो. चौदा वर्षं एक रुपयाला मिळणारी पेटी डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांना झाली. तरी याहून स्वस्त 'पाईप लायटर' कुठे मिळणार?

स्वस्तातलाच लायटर हवा असेल तर स्पेनचा क्लिपर बघा. ज्योत मऊ, गॅस परत भरता येतो, खडा बदलता येतो, आणि खड्याची नळी ओढून काढली की तिच्या टोकाने तंबाखू दाबता येते. ज्योत सरळ वर जाते हा तोटा, पण पाईप थोडा कलता करून निभावतं. एक विचित्र वाटणारी शिफारस करतो. समई-निरांजन लावायला लांब नळीचा गॅस लायटर मिळतो, तो घरात पाईपला उत्तम चालतो. ज्योत हातापासून लांब, नळी हवी तशी वळवा, बाउलच्या तोंडाशी नेमकी धरा. ज्योत कमी-जास्त करायचा खटका असलेलाच घ्या आणि जेटचा नाही ना ते पेटवून बघा. खिशात मावत नाही, दिसायला रुबाब नाही, पण काम चोख. चार्जिंगचे विजेच्या ठिणगीवाले लायटर मात्र सोडून द्या. त्यांची ठिणगी दोन टोकांच्या मधेच असते, ती बाउलमध्ये उतरत नाही.

एकदाच वापरायचे चिनी लायटर आता पूर्वीसारखे दिसत नाहीत, त्याचं कारण जून २०२३ चा सरकारी आदेश. आयात किंमत २० रुपयांच्या खाली असलेले लायटर आणायला तेव्हापासून बंदी आहे. तमिळनाडूतल्या काडेपेटी उद्योगाची ती मागणी होती. महागड्या पाईप लायटरवर या बंदीचा परिणाम नाही.

गॅसचा लायटर घेतलात तर तो बिघडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा भरण्यात असतं. गॅस भरण्याआधी आत अडकलेली हवा काढावी लागते. लायटर उलटा धरून बारीक पेचकसाने खालची झडप दाबा, फुस्स आवाज थांबेपर्यंत. ज्योतीचा स्क्रू सगळ्यात कमीवर आणा. लायटर पाच-दहा मिनिटं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. तो गार असला की आतला दाब कमी राहतो आणि गॅस नीट उतरतो. मग लायटर उलटा, डबा त्याच्यावर उलटा, सरळ रेषेत दाबून धरा. कोपऱ्यातून गॅस उडाला तर कोन चुकलाय. भरल्यावर चार-पाच मिनिटं थांबा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पेटवा. हे सगळं खिडकीशी, गॅसच्या शेगडीपासून आणि देवघरापासून लांब. गॅस शुद्ध ब्युटेन असावा. स्वस्त डब्यातल्या तेलकट अंशाने तोटी चोंदते आणि लोक लायटरला दोष देतात. घरगुती सिलिंडरचा गॅस तर कधीच भरू नका, कुणी जुगाड करून दिला तरी. त्यात प्रोपेन असतो, त्याचा दाब लायटरच्या टाकीला झेपणारा नाही, आणि गळती कळावी म्हणून मिसळलेला तो घाण वास तुमच्या पाईपमध्ये येईल. थंडीत गॅसचा लायटर पेटत नाही म्हणून तो बिघडला समजू नका. साधा ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. हिमालयातल्या रात्री तो टाकीत द्रवरूपच बसून राहतो. लायटर आतल्या खिशात, अंगाशी ठेवला की चालतो.

पेटवण्याची पद्धतही थोडी सुधारून बघा, कारण काठ वाचवण्याचं अर्धं काम तिथेच होतं. ज्योत दोन-अडीच सेंटिमीटरची ठेवा, तंबाखूपासून सेंटिमीटरभर वर, बाउलच्या मध्यावर धरा आणि हलके, छोटे झुरके घ्या. ज्योत आपण होऊन खाली वाकेल. ती गोल फिरवताना काठापर्यंत नेऊ नका, कडेची तंबाखू मागाहून आपोआप पेटते. पहिल्या वेळी तंबाखू फुगून वर येते. ती टॅम्परने हलकेच बसवा आणि दुसऱ्यांदा पेटवा. अर्ध्यावर विझला तर आधी राख सारखी करून हलकी दाबा, मग पेटवा. राख मोकळी, उंचसखल राहिली तर ज्योत खाली पोचत नाही आणि आपण लायटर जवळ, अजून जवळ नेत काठ जाळत बसतो.

तरीही पाईप दर पाच मिनिटांनी विझत असेल तर लायटर बदलून काही होणार नाही. तंबाखू ओली आहे किंवा दाबून भरली आहे. डब्यातून काढलेली तंबाखू बहुतेक वेळा जास्त दमट असते. कागदावर पसरून अर्धा-पाऊण तास ठेवा. मुंबईच्या जुलैत ती उघड्यावर वाळणार नाही, उलट सादळेल, म्हणून एसीच्या खोलीत ठेवा. चिमटीत दाबून सोडल्यावर गोळा न राहता सुटी झाली पाहिजे. आगीचं प्रमाण किती कमी लागतं हे बघायचं असेल तर पाईप ओढण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम वाचा. सगळ्यांना सारखी तीन ग्रॅम तंबाखू, भरायला पाच मिनिटं, पेटवायला एक मिनिट आणि फक्त दोन काड्या. लायटर नाही. त्यानंतर विझला की बाद. एवढ्यावर चांगले स्पर्धक दोन तासांच्या वर पाईप चालवतात आणि विक्रम तीन तासांच्या पुढचे आहेत.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं: ओल्ड बॉयची घाई करू नका. आत्ता एक क्लिपर किंवा समईचा लांब लायटर घ्या आणि जमलं तर मक्याच्या कणसाचा एक साधा पाईप. अमेरिकेत मिसुरीतल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून ते बनतात आणि ब्रायरच्या मानाने फारच स्वस्त असतात. हात बसेपर्यंत जे जाळायचं ते त्याचं जाळा. दोन-तीन महिन्यांनी पाईप आपल्याला मानवतो आहे असं वाटलं तर खड्याचा, तिरप्या ज्योतीचा जपानी लायटर घ्या. पिझोचा स्वस्त मिळाला तरी नको. जेट मित्राला परत देऊ नका, त्याला वाईट वाटेल. गच्चीवर कोळसे पेटवायला तो फार चांगला.

आणि लायटर परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर येणाऱ्याला आधी कल्पना द्या. भारतातल्या विमानतळांवर लायटर हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, काडेपेटीचंही तेच. बाहेरून येताना देशोदेशी आणि एअरलाइनगणिक नियम वेगळे असतात, त्यात मुंबईला उतरून पुढे पुण्या-नागपूरचं विमान पकडायचं असेल तर इथली तपासणी लागतेच. सरळ कायदेशीर कुरिअरने, गॅस न भरलेला मागवा आणि गॅसचा डबा इथेच घ्या.